औषध लागू पडते आहे का?

मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरील पदपथावर मुक्काम करणाऱ्या कुटुंबांत बिहार, उत्तर प्रदेश आणि बंगालमधून आलेली माणसे मोठ्या संख्येने आढळतात. त्यांचा डॉक्टरांना एकच प्रश्न असतो : औषध लागू पडते आहे का? पित्तनलिका आणि पित्ताशय यांच्या कर्करोगात या प्रश्नाला वेळेवर उत्तर मिळणे हे वैद्यकशास्त्राइतकेच प्रशासनाचेही काम आहे.

गंगेच्या मैदानातील एका जिल्ह्यात मी जिल्हाधिकारी असताना वैद्यकीय साहाय्याचे अर्ज माझ्याकडे येत. अर्जात रोगाचे नाव असे, खर्चाचा अंदाज असे, लोकप्रतिनिधीची शिफारस असे. आधीच्या उपचाराने काय साधले, याचा रकाना मात्र नसे. दुसरा हप्ता मंजूर होऊन पोहोचेपर्यंत रुग्ण दगावल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले. तो नमुना आम्हा प्रशासकांनीच आखला होता, आणि त्यातील उणीव मलाही तेव्हा जाणवली नाही.

उत्तर भारतातील स्त्रियांमध्ये पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशांतून शिरणाऱ्या यकृतकृमीमुळे पित्तनलिकेचा कर्करोग फोफावला. आपल्याकडील चित्र वेगळे असले तरी शेवट सारखाच होतो. बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेची वेळ टळल्यावर, अनेकदा कावीळ घेऊनच, रुग्णालयात येतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दोन औषधांच्या एकत्रित केमोथेरपीने मध्यम आयुर्मान ८.१ वरून ११.७ महिन्यांवर गेले. २०२२ मध्ये तिला इम्युनोथेरपीची जोड मिळाली, तेव्हा तुलना होती ११.५ आणि १२.८ महिन्यांची. एवढ्याशा अवधीत उपचार निष्फळ ठरत असल्याचे तिसऱ्या महिन्यातील स्कॅनमध्ये कळले, तर उरलेल्या आयुष्याचा जवळपास चौथा हिस्सा खर्ची पडलेला असतो.

म्हणूनच रक्तातील खुणांचे, म्हणजे जैवचिन्हकांचे महत्त्व. ‘सीए १९-९’ ही त्यांपैकी जुनी, स्वस्त आणि जिल्ह्याच्या गावीही होऊ शकणारी तपासणी. केमोथेरपीबरोबर तिचा आकडा सातत्याने उतरू लागला तर ते आशेचे चिन्ह मानले जाते. परंतु हा साक्षीदार नीट तपासून घ्यावा लागतो. पित्ताचा मार्ग तुंबला की कर्करोग नसतानाही हा आकडा चढतो आणि स्टेंट घालून पित्ताला वाट करून दिली की उतरतो. स्टेंट आणि केमोथेरपी एकाच आठवड्यात झाली, तर उतरलेल्या आकड्याचे श्रेय औषधाला द्यायचे की नळीला? शिवाय शेकडा ५ ते १० लोकांच्या शरीरात हे द्रव्य जन्मतःच तयार होत नाही. त्यांच्याबाबत ‘नॉर्मल’ अहवालाला अर्थ नसतो. दोन प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या असल्या तर त्यांचे आकडेही एकमेकांशी ताडता येत नाहीत.

नवी तपासणी रक्तात तरंगणाऱ्या, गाठीतून सुटलेल्या डीएनएच्या तुकड्यांची आहे. हे तुकडे काही तासांतच नष्ट होतात, त्यामुळे गाठीतील बदल लवकर टिपता येतो. ‘एफजीएफआर २’ या जनुकातील बदलावर नेमकी औषधे घेणाऱ्या रुग्णांत औषधाला दाद न देणारे नवे बदल याच मार्गाने रक्तात ओळखता आले आहेत. मात्र सर्वच गाठी पुरेसा डीएनए सोडत नाहीत, आणि केवळ रक्तातील खुणेवरून उपचार बदलल्यास या कर्करोगाचा रुग्ण अधिक जगतो, हे अद्याप सिद्ध व्हायचे आहे. तरीही खासगी बाजारात ही महागडी तपासणी विकली जाते. शेत गहाण ठेवून ती करून घेणाऱ्या कुटुंबाला यातील मर्यादा कोण सांगतो?

धोरणाचा प्रश्न येथे सुरू होतो. २०१८ पासूनची आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देते. पण तिचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. दोन केमोथेरपींच्या मधली बाह्यरुग्ण तपासणी सहसा त्या चौकटीबाहेर राहते. सरकार औषधाचे पैसे देते, औषध लागू पडते आहे का हे पाहण्याचे देत नाही. हा काटकसरीचा विपर्यास होय.

उपाय खर्चिक नाहीत. पित्तमार्गाच्या कर्करोगाच्या केमोथेरपी पॅकेजमध्येच ‘सीए १९-९’ आणि बिलिरुबिन यांची एकत्रित तपासणी अंतर्भूत करावी. पहिली नोंद कावीळ उतरल्यावर घ्यावी आणि पुढच्या सर्व नोंदी त्याच प्रयोगशाळेत व्हाव्यात. आकडा चढला की स्कॅन लवकर करावा. केवळ आकड्यावरून उपचार थांबवू नयेत. डीएनए तपासणीवर सार्वजनिक पैसा तूर्त फक्त संशोधनापुरता खर्च व्हावा. ते संशोधन राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील वाराणसी, मुजफ्फरपूर, गुवाहाटी येथील केंद्रांतून, म्हणजे रोग जिथे आहे तिथे, व्हावे. परदेशी रुग्णांवर ठरलेली प्रमाणे आपल्या पित्ताशयाच्या रुग्णांना जशीच्या तशी लावता येणार नाहीत.

यावर एक आक्षेप संभवतो. अशा तपासण्यांच्या आडून सरकार गरिबांचे उपचार लवकर बंद करील. भीती अनाठायी नाही. म्हणूनच थांबण्याचा निर्णय विमा यंत्रणेकडे नव्हे, तर रुग्ण आणि डॉक्टर यांच्याकडेच राहिला पाहिजे, आणि थांबल्यावर वेदनाशमनाची सेवा त्याच पॅकेजमधून मिळाली पाहिजे. औषध लागू पडत नसेल, तर ते वेळीच कळणे हाही रुग्णाचा हक्क आहे. उरलेले महिने परळच्या पदपथावर काढायचे की आपल्या अंगणात, हे ठरवण्याची मुभा त्याला त्यातूनच मिळते.