दिवे नंतर लावा

इस्तंबूलच्या जमिनीखाली सहाव्या शतकातला, ३३६ खांबांचा जलाशय आहे. डागडुजी होऊन तो २०२२ मध्ये पुन्हा उघडला. रील्स तुम्ही पाहिले असतीलच: ओली फरशी, रंगीत उजेड. सुंदर आहे. पण ते बघून ‘आपल्या संभाजीनगरातही असंच करा’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

फुलंब्रीहून शहराकडे येताना हर्सूल लागतं. त्या बाजूच्या डोंगरांत मुरलेलं पाणी मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालच्या नहरीतून खडकीत आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. पुढे अशाच एका नहरीवर पाणचक्कीचं जातं फिरलं. तिथल्या हौदाखाली दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत. भर उन्हाळ्यातही ते गार राहावं म्हणून. (सेल्फी काढा, माझी हरकत नाही.)

पण नहरीचा जीव डोंगरात असतो. वर बोअर पाडले, ओढे बुजवून प्लॉट पाडले, हवा सोडणारे मनोरे ढासळू दिले, की खाली दगड कितीही घासा, हाती लागेल तो कोरडा बोगदा. जायकवाडीहून पंपाने पाणी ओढायचं, नळाला आठ-आठ दिवसांनी सोडायचं, आणि उताराने येणारं फुकटचं पाणी काचेमागे ठेवायचं? कमाल आहे!

आधी नहरीची रेघ शहराच्या विकास आराखड्यावर उमटू द्या. तिच्या वाटेवरचे बोअर आणि बांधकामं थांबवा, गाळ उपसा. तिकिटाचं मग बघू.