ध्यानाचे वावडे कशाला?

'कुरआन किती दिवसांत पुरा झाला?' हा रमजानातला आपला आवडता प्रश्न. मुंबईत तर पाच-सहा दिवसांच्या तरावीहमध्ये कुरआन संपवून लोक धंद्याला मोकळे होतात. काय ऐकले, हे कुणी विचारीत नाही. मी मात्र एका बैठकीत म्हणालो, की आयतीवर चित्त टिकवायला पतंजलीची धारणा शिकून घ्यावी, तर केवढा हलकल्लोळ! 'योग? तौबा!'

तौबा कशाची? अल्-बेरुनीने अकराव्या शतकात पतंजली अरबीत आणला, त्याचे इमान बुडाले नाही. ग्वाल्हेरच्या मुहम्मद गौस शत्तारींनी सोळाव्या शतकात 'बहरुल हयात'मध्ये योगसाधना फार्सीत मांडली. आणि आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी तर मराठी ग्रंथालाच नाव दिले 'योगसंग्राम'!

2008 साली मलेशियातील फतवा परिषदेने मंत्रोच्चार आणि ईश्वराशी एकरूपतेच्या कल्पनेवर बोट ठेवले. ते मलाही मान्य आहे. मला मंत्र नकोत, सूर्यनमस्कार नकोत. 'तुमची नमाज म्हणजे आमचीच आसने' असे खांद्यावर हात ठेवून सांगणाऱ्यांचे कौतुकही नको. नमाज इबादत आहे, कवायत नव्हे. मला हवी आहे ती फक्त भटके मन एका जागी परत आणण्याची सवय.

कुरआन स्वतःच तदब्बुर मागतो. चिंतन न करणाऱ्यांच्या हृदयांना कुलपे आहेत काय, असे विचारतो (47:24). तीन दिवसांहून कमी वेळात तो वाचणाऱ्याला बोध होत नाही, ही हदीस मिंबरवरून ऐकल्याचे मला तरी आठवत नाही. मदरशात मखारिज घोटून घेतात, उच्चार तयार होतो. मन तयार करायचे कुणी?

फज्रनंतर मी सूरह अल्-अस्र घेऊन बसू लागलो. आयती अवघ्या तीन. कित्येक दिवस मन दुकानाच्या उधारीतच फिरे. ओढून आणावे, पुन्हा पळावे. महिन्याभराने 'तवासौ' या शब्दापाशी अडलो. सत्याची आणि सबुरीची ताकीद एकमेकांना द्यायची आहे! लहानपणापासून पाठ असलेल्या सूरहमधले हे 'एकमेकांना' मला कधी दिसलेच नव्हते. पतंजलीची वाट कैवल्याकडे जाते. ही आयत माणसाला बैठकीवरून उठवून माणसांत धाडते. तिथे माझी आणि त्याची वाट वेगळी झाली, पण तिथवर आणले त्याच्याच शिस्तीने.

आमच्या गल्लीच्या टोकाला माझा सख्खा भाऊ राहतो. चार वर्षे बोलणे नव्हते. त्या सकाळी मी त्याच्याकडे चहाला गेलो. आता सांगा, तौबा कशाची करू?