विश्लेषण : वृषणाच्या कर्करोगात ‘फॉलोअप’ हाच उपचार का?

वृषणाचा कर्करोग प्रामुख्याने १५ ते ४० या वयोगटात आढळतो. वेळेत निदान झाल्यास ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. याच दिलाशामुळे टाके निघाले की फाइल कपाटात जाते. त्यात दुखणे असे, की घरातही कोणी मोकळेपणाने विचारत नाही. नाशिकमध्ये आता कर्करोगाचे उपचार मिळतात, तरी अनेक जण परळच्या टाटा रुग्णालयात जातात. मग तपासणीसाठी पहाटे पंचवटी एक्स्प्रेस गाठायची. सातपूर-अंबडच्या कामगाराचा खाडा पडतो, निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराची तारीख नेमकी द्राक्षकाढणीत येते. एक तारीख चुकते, मग दुसरीही.

इथेच धोका आहे. गाठ वृषणापुरतीच असेल तर शस्त्रक्रियेनंतर अनेकांना केमोथेरपी न देता फक्त देखरेखीखाली ठेवतात. म्हणजे ठरलेल्या तारखेची तपासणी हाच त्यांचा उपचार. आजार उलटलाच तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत, आणि पोटाच्या मागच्या बाजूच्या लसिका ग्रंथींत किंवा फुप्फुसांत. बाहेरून काहीच जाणवत नाही. रक्तातील एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच आणि सीटी स्कॅनमधूनच तो सापडतो. लवकर सापडला तर पुन्हा बरा होतो.

प्रकार व टप्प्यानुसार वेळापत्रक बदलते. अनेकांना पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते. प्रत्येक वेळी मुंबई गाठायलाच हवी असे नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संमती असेल तर रक्त नाशिकमध्येच देऊन अहवाल पाठवता येतो. मात्र लॅब शक्यतो एकच ठेवावी, म्हणजे आकड्यांची तुलना नीट होते.

दुसऱ्या वृषणात कर्करोग होण्याची शक्यता शंभरात साधारण दोघांना असते. त्यामुळे महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी हाताने चाचपून पाहावे. सतत थकवा किंवा कामेच्छा कमी झाली असेल तर लाजू नये. टेस्टोस्टेरॉन कमी झालेले असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

केमोथेरपी घेतलेल्यांचा हिशेब आणखी लांबतो. सिस्प्लॅटिनमुळे कानात आवाज येणे, बोटे बधिर होणे, मूत्रपिंडावर ताण असे त्रास राहू शकतात. पुढे हृदयविकाराचा धोकाही वाढतो. रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासत राहावे, तंबाखू-सिगारेट सोडावी. ब्लिओमायसिन फुप्फुसांवर परिणाम करते. दहा वर्षांनी हर्नियाचे ऑपरेशन निघाले तरी भूलतज्ज्ञांना ते आधी सांगावे लागते. औषधाचे नाव तोवर आठवत नाही. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा.