चिकटविलेले कंगोरे

घर ताजे करण्याचा एक सुलभ उपाय हल्ली फुटाच्या भावाने विकत मिळतो. प्लास्टिकची, थर्माकोलची किंवा लाकडाच्या दाबलेल्या भुशाची, कोरीव दिसणारी पट्टी आणावी, तिच्या पाठीस गोंद फासावा आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर ती बसवून टाकावी. एक पट्टी वर छताच्या कडेने, दुसरी खाली कमरेइतक्या उंचीवर, आणि मधल्या जागेत रिकाम्या आयताकृती चौकटींची रांग. दोन दिवसांत काम उरकते, धूळ उडत नाही, आणि चवथीला येणारे पाहुणे तोंडभर स्तुती करतात. या उपायाविरुद्ध मला पुष्कळ बोलावयाचे आहे. परंतु ज्या बाजूने त्याच्यावर सहसा हल्ला होतो ती बाजू माझी नव्हे, हे प्रथमच सांगून टाकतो.

'हे परकीय आहे, म्हणून त्याज्य आहे' असे मी म्हणणार नाही. आमच्या देवळांच्या भिंतींवर शोभणाऱ्या हुरमुजी रंगाचे नावच मुळी इराणच्या किनाऱ्यालगतच्या होर्मुझ बेटावरून आलेले आहे. गोव्यातील जुन्या हिंदू वाड्यांनी पोर्तुगीज घाटाच्या उंच खिडक्या घेतल्या, त्यांत शिंपल्यांची तावदाने बसविली आणि आत राजांगण व तुळशीवृंदावन जसेच्या तसे ठेवले. बाहेरून आलेली वस्तू घराने पचविली की ती घराचीच होते. तिचा जन्मदाखला मागत बसणे हा वकिलालाही न शोभणारा उद्योग आहे.

माझा प्रश्न निराळा आहे. ही पट्टी भिंतीवर कोणते काम करते?

युरोपातल्या ज्या घरांवरून ही नक्कल उतरली, तेथे प्रत्येक पट्टीला काम होते. तेथे खुर्च्या भिंतीलगत मांडून ठेवीत. पाठीच्या धक्क्याने गिलावा फुटू नये म्हणून त्या उंचीवर लाकडी पट्टी आली. तळाची पट्टी झाडूपोछ्याचा मार सोसण्यासाठी, आणि छताखालची कंगणी भिंत व छत यांच्या सांध्यातील भेग झाकण्यासाठी. भिंतीत खिळे मारावे लागू नयेत म्हणून चित्रे टांगण्याची एक वेगळी पट्टी असे. आणि ज्या लाकडी चौकटींची पोकळ प्रतिकृती आज आमच्या दिवाणखान्यांत दिसते, त्या तर दगडी भिंतीचा गारठा आणि ओल अंगाला भिडू नये म्हणून जडविलेल्या फळ्यांच्या चौकटी होत. मडगावच्या किंवा बेळगावच्या मे महिन्यात आपण कोणत्या गारठ्यापासून संरक्षण मागतो आहोत?

आता आमच्या भिंतीकडे पाहा. तिलाही पट्टा होताच. आमची बैठक जमिनीवरची; माणूस भिंतीला टेकून बसणार, तेल लावलेले डोके भिंतीला लागणार, म्हणून तेवढ्या उंचीपर्यंत भिंत गडद रंगाची केलेली असे. बाहेरच्या बाजूस पावसात तांबड्या मातीचे शिंतोडे उडणार, म्हणून जोत्यालगतचा पट्टा तांबडा. आणि या साध्या गरजेतून पुढे जी कला निघाली तिला आपण कावी कला म्हणतो. काव म्हणजे तांबडी माती. शिंपले भाजून केलेला चुना, बारीक वाळू आणि गूळ एकत्र करून मिश्रण पंधरवडाभर मुरू द्यावयाचे, मग ते कुटून लोण्यासारखे करावयाचे. त्या पांढऱ्या गिलाव्यावर काव कालवलेल्या चुन्याचा पातळ थर द्यावयाचा, आणि तो ओला असतानाच लोखंडी काट्याने नक्षी कोरून खालचा पांढरा थर उघडा करावयाचा. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्यांनी भिंत घोटून घोटून चकचकीत करावयाची. नक्षी भिंतीवर चिकटविलेली नाही, रंगविलेलीही नाही. ती भिंतीच्या अंगातच आहे. पेडणे महालात मोरजीच्या श्रीमोरजाईच्या देवालयात आणि पार्से येथे ज्यांनी ती पाहिली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते अधिक विवरणाशिवाय कळेल. डॉ. कृष्णानंद कामत यांनी सारा कोकण किनारा पालथा घालून या कलेची नोंद केली नसती, तर तिचे नावही आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असते, याची मला शंका आहे.

अशा भिंतीवर गोंद फासला म्हणजे काय होते, ते सांगतो. जांभ्या चिऱ्याची जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते, आणि चुन्याचा गिलावा ती ओल सावकाश बाहेर सोडतो. ज्या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथे भिंतीच्या आयुष्याचे हेच रहस्य आहे. तिच्यावर तैलरंगाचा किंवा प्लास्टिक रंगाचा पापुद्रा चढविला, वर पट्ट्यांच्या चौकटी मारल्या, की ओलीची वाट बंद होते. मग ती कडेने, सांध्यांतून, मिळेल तेथून बाहेर पडू पाहते आणि येताना क्षार घेऊन येते. दाबलेल्या भुशाची पट्टी फुगते. प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर मऊ पडते. प्लास्टिकची मात्र तशीच राहते, आणि तिच्या मागचा गिलावा सुटतो. माझ्या परिचयाच्या एका घरात ओटीवरच्या कावीच्या वेलपट्टीवरूनच अशी चौकट आडवी नेलेली मी पाहिली. एक पावसाळा गेला आणि पट्टी खाली आली. येताना तिच्या पाठीवर वेलाची चार पाने आणि हातभर गिलावा घेऊन आली. मालकांनी ती बदलून नवी, अधिक रुंद लावली. खालची जागा झाकली जावी म्हणून.

देवघराबद्दल तर बोलावयासच नको. थर्माकोल आणि प्लास्टिक आचेने विरघळते, पेटते आणि पेटल्यावर विषारी धूर सोडते. आणि देवघर ही घरातली अशी एकच खोली, जेथे उघडी ज्योत रोज सांजसकाळ तेवत असते.

माझ्या या म्हणण्याला सर्वांत बळकट उत्तर सजावटकार देत नाहीत. ते घरची गृहिणी देते. ती म्हणते, चुन्याची भिंत पाठीला लागते, पदर पांढरा होतो, दर वर्षी रंग काढावा लागतो, पोपडे झाडावे लागतात, आणि हे सारे करावे लागते मला. वारशाची भाषणे करणारे पुरुष त्या दिवशी देवस्थानच्या सभेला गेलेले असतात. हे उत्तर मला खोडून काढता येत नाही, आणि येत असते तरी मी काढले नसते. ज्या घरात भिंतीचा सारा भार एका माणसावर टाकलेला आहे, तेथे त्या माणसाने गोंदाची बाटली उघडली तर दोष भार टाकणाऱ्यांचा आहे. परंतु त्यावरून पट्टी योग्य ठरत नाही. पट्टीच्या खाचांत धूळ साठते आणि तीही तिलाच पुसावी लागते.

राहता राहिला ताजेपणा. आमच्या घरांत ताजेपणा येई तो दर वर्षी नव्याने केल्यामुळे. चवथीपूर्वी भिंतीला चुना, अंगणात सारवण, दारावर तोरण, गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळाफुलांची माटोळी. माटोळी पाचव्या दिवशी कोमेजते, आणि पुढच्या वर्षी घरातली मुले पुन्हा रानात जातात. चिकटविलेली पट्टी कोमेजत नाही, त्यामुळे ती ताजीही होत नाही. दोन वर्षांत ती डोळ्यांना दिसेनाशी होते आणि घर पुन्हा जुने वाटू लागते. मग दुकानदाराचा नवा नमुना येतो.

सिमेंटच्या नव्या सदनिकेत राहणाऱ्यांशी माझे भांडण नाही. त्यांच्या भिंतीखाली काही नाही, तेव्हा झाकले जाण्यासारखेही काही नाही. त्यांनी पट्ट्या लावाव्यात, जरी दोन वीत रुंदीचा कावीच्या रंगाचा साधा पट्टा ओढून घेतला तर तो स्वस्त पडेल आणि बरा दिसेल असे माझे मत आहे. माझा वाद आहे तो जुन्या घरांच्या मालकांशी, आणि त्याहून अधिक आमच्या देवस्थान समित्यांशी. घर देवळाचे अनुकरण करते. देवळाच्या सभामंडपात कावीच्या जागी चकचकीत फरश्या लागल्या की गावातल्या दहा ओट्यांवर त्या लागतात. अग्रशाळेच्या खोल्यांत चिकट पट्ट्यांच्या चौकटी आल्या की उतरलेला यात्रेकरू तीच कल्पना घरी घेऊन जातो.

कायद्याचे म्हणाल, तर तो येथे हात टेकतो. १९५८ चा केंद्रीय कायदा किमान १०० वर्षांच्या वास्तूला प्राचीन म्हणतो. पण तेवढ्याने संरक्षण मिळत नाही, तिचे राष्ट्रीय महत्त्व शासनाने जाहीर करावे लागते. गोव्याचा स्वतंत्र कायदा १९७८ चा. तोही जाहीर झालेल्या स्मारकांपुरताच. बडोद्याच्या तांबेकर वाड्याच्या चित्रित भिंती पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आल्या, पण आज त्या वाड्यात कोणी चूल पेटवीत नाही. नांदत्या घराच्या माजघरातली कावीची पट्टी कोणत्याही यादीत नाही. देवस्थानांपुरते पाहिले तर १९३३ ची नियमावली अजून लागू आहे, आणि तिच्याखाली महाजनांनी निवडलेली समिती नारळाचा नि तेलाचा हिशेब चोख ठेवते. मात्र शतकाची भिंत खरवडण्यास तीच समिती एका सायंकाळच्या चर्चेत मान्यता देते. महाजनांनी सभेत उभे राहून हरकत नोंदवावी. तो त्यांचा हक्क आहे, आणि तो बजावलेला मी क्वचितच पाहिला आहे.

न्यायालयात जो बदल मागतो त्याच्यावर सिद्धतेचा भार असतो. तोच नियम भिंतीला लावा. जुने राखू इच्छिणाऱ्याने कारण देत बसू नये. झाकू इच्छिणाऱ्याने ते द्यावे. 'कारागीर मिळत नाही' हे कारण नव्हे, कारण काम मिळत नाही म्हणूनच कारागीर उरले नाहीत. अजून जे मोजके हात ही कला जाणतात, त्यांना घरातील एका खोलीचे, नाहीतर वृंदावनाच्या चारच बाजूंचे काम द्यावे. एका पट्टीवाल्या दिवाणखान्याच्या खर्चात ते कदाचित बसणार नाही. मग दोन चतुर्थ्यांत विभागून करावे.

आणि यंदा रंगाचा कंत्राटदार मोजमापाला आला, तर त्याचा फीत घेतलेला हात क्षणभर थांबवावा. ओटीवरच्या कपाटामागे वीतभर जागा ओली करून बांबूच्या पातळ कामटीने चुन्याचे थर हलक्या हाताने उकलून पाहावेत. खाली तांबडी रेघ दिसली, तर तेथेच थांबावे, पुढे स्वतः खरवडू नये, आणि कंत्राटदारास चहा देऊन परत पाठवावे.