एका कान्याचा डाव

उपकार या शब्दाची मला शिसारी आहे. आपल्याच घामाच्या पैशातून आपल्याला खाट देतात, वर हात जोडायला लावतात. हा डाव जुना आहे. पॅरिसमध्ये बघा.

तिसरा नेपोलियन तिथं बादशहा. १८५३ पासून त्याचा अधिकारी ओसमान गरिबांच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढत सुटला. दगड कुणी वाहिले? परांचीवरून कोण पडलं? ८ मार्च १८५५ ला फर्मान निघालं : कामावर जायबंदी झालेल्या, दुखण्यातून उठलेल्या कामगारांसाठी विसाव्याचं घर बांधा. ३१ ऑगस्ट १८५७ ला व्हँसेनच्या रानाकडेला ते उघडलं. इस्पितळातून सुटलेला गडी लगेच ओझ्याखाली जाऊ नये, अंगात आधी रक्त भरावं, यासाठी. बायांसाठी १८५९ साली व्हेझिनेला दुसरं निघालं.

चांगलंच झालं. मी नाही म्हणत नाही. पण पैसा कुठला? पॅरिसच्या सरकारी बांधकामांच्या कंत्राटांतून कापलेला एक टक्का. इमारत कामगारानं उभी केली, टक्का तिच्यातूनच निघाला. आणि पाटी? ‘शाही’! शार्ल नेग्रनं तिथले फोटो काढले. एक फोटो १५ ऑगस्टचा. होय, १५ ऑगस्ट. तेव्हा तो तिथं बादशहाचा सण. दुखणाईत कामगार गोळा केलेत, बादशहाचा मान राखायला. ज्यांचा टक्का, त्यांनीच सलाम ठोकायचा!

१८७० ला बादशाही कोसळली. घर राहिलं. म्हणजे ते बादशहावाचून चालत होतं.

आता आपल्याकडं या. १९९६ च्या कायद्यानं इथंही बांधकामावर उपकर बसवला, खर्चाचा किमान एक टक्का. तोच टक्का! २०१७ साली सुप्रीम कोर्टात उघड झालं, या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतली गेली. कामगाराला खाट नाही, मशीन मात्र घेतली.

मी गोदीत ओझी वाहतो. आमच्या टोळीतल्या एकाचं प्लास्टर काढलं आणि आठव्या दिवशी तो पुन्हा गोणीखाली. विसावा घेतला तर घरात चूल थंड. मुकादम म्हणाला, परत घेतला हेच उपकार मान.

उपकर आणि उपकार. फरक एका कान्याचा. तो काना कोण घुसवतं ते ओळखा. आपल्याला दया नको, फोटो नको, पुतळा नको. टक्क्याचा हिशेब पाहिजे. मोडलेलं हाड जुळेपर्यंत पगारी विसावा पाहिजे. मागायचा नाही. वसूल करायचा.