घरातले विज्ञान वस्तीत आणा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणारी काही कुटुंबे आज शहरांतून आढळतात. शाळेतील विज्ञानाला घरी जोड देऊ पाहणारे पालक तर त्यांहून कितीतरी अधिक आहेत. दोघांपुढे प्रश्न एकच : प्राथमिक वयाच्या मुलासाठी विज्ञानाचा कोणता अभ्यासक्रम निवडावा आणि त्यात कशाची भर घालावी? हा सुखवस्तूंचा प्रश्न म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी तो बाजूला सारू नये. विज्ञान कोणाच्या वाट्याला यावे, हा त्याचा गाभा आहे.

बाजारापाशी उत्तर तयार आहे : रंगीत पेटी, छापील कृती आणि आधीच ठरलेला निष्कर्ष. परदेशी अभ्यासक्रमांत बर्फाचा हिवाळा आणि पानगळ असते. आपल्या मुलापुढे मृगाचा पाऊस असतो. सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे सूर्य वर्षातून दोनदा नेमका माथ्यावर येतो. मे महिन्यात पुण्या-मुंबईकडे एके दिवशी भर दुपारी सरळ रोवलेल्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैमधील दुसरी वेळ बहुधा ढगांआड जाते. महिनोन्‌महिने ही सावली मोजणाऱ्या मुलाला जे उमगते, ते विकतच्या पेटीत सापडणार नाही.

याहून वेगळी वाट आपल्याच देशात पाडली गेली आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांतील सहावी ते आठवीच्या वर्गांत प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षण सुरू केले. १९७८ मध्ये ते जिल्हाभर पसरले. आधी प्रयोग, मग चर्चा, शेवटी निष्कर्ष, असा त्याचा क्रम होता. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा होती. अरविंद गुप्ता यांनी त्या काळात काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून भूमितीच्या आकृत्या घडविल्या. २००२ साली राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. पण त्याने घालून दिलेली कसोटी आजही खरी आहे. तिसरी ते पाचवीसाठी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने तयार केलेली पुस्तकेही निरीक्षण आणि कृती यांवरच भर देतात.

तेव्हा अभ्यासक्रम निवडताना तीन प्रश्न विचारावेत. मूल उत्तर ऐकण्याआधी स्वतः पाहते काय? लागणारे साहित्य गरिबाच्याही घरी मिळते काय? आणि मोठ्यांच्या म्हणण्यालाही पुरावा मागण्याची त्याला मोकळीक आहे काय? मटकीला उजेडात आणि अंधारात मोड आणून पाहणे, महिनाभर चंद्राच्या कला वहीत काढणे, एवढी भरही पुष्कळ आहे.

परंतु ही भर एका घरापुरती राहिली, तर विषमतेत आणखी एक पायरी वाढेल. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी दाखवून दिले होते की, सरकारी महसूल देते रयत आणि शिक्षणाचा लाभ घेतात वरचे वर्ग. आज पैशाच्या बळावर विज्ञानाचीही तशीच वाटणी होत आहे. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे ४२व्या घटनादुरुस्तीने, १९७६ साली, प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले; ते काही मूठभर घरांचे कर्तव्य नव्हे.

म्हणून साथींनी दोन कामे हाती घ्यावीत. आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीतील मुलांना जमवून हेच प्रयोग करावेत. आणि सरकारी शाळेतील प्रयोगाचे साहित्य कुलपाबाहेर यावे, यासाठी शाळा व्यवस्थापन समितीत आग्रह धरावा. घरची जोड ही शाळेच्या हक्काची भरपाई होऊ शकत नाही, याचा विसर पडू देता कामा नये.