पोटाशी धरलेला दगड : क्योटोच्या खाद्ययात्रेविषयी

प्रवासाला निघण्यापूर्वी प्रवासवर्णने वाचावीत, अशी एकेकाळी आपल्याकडे रीत होती. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मधून ज्यांना जपान पहिल्यांदा भेटले, त्या पिढीचा मी. आता प्रवासवर्णनांच्या जागी याद्या आल्या आहेत. येत्या जूनअखेरीस क्योटोला जायचे, आणि मुख्यतः जेवण्यासाठी जायचे, असे आम्ही उभयतांनी ठरवल्याचे कळताच एका स्नेह्यांनी मोठ्या आपुलकीने एक तक्ता पाठवला. पाच दिवस, तेवीस उपाहारगृहे, प्रत्येकापुढे तारे, रांगेत लागणारा अंदाजे वेळ आणि ‘काय चुकवू नये’ असा एक रकाना. तक्ता परिश्रमपूर्वक केलेला होता, यात शंका नाही. पण तो चाळताना मला परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्यांच्या हाती दिसणारे ‘अपेक्षित प्रश्नसंच’ आठवले. कादंबरी न वाचता तिच्यातली अवतरणे पाठ करावीत, तसा हा प्रकार. तेवीस अवतरणे पाठ होतील. कादंबरी मात्र राहूनच जाईल.

माझे म्हणणे असे की, क्योटोच्या अन्नाचा जन्म अभावातून झालेला आहे, आणि विपुलतेची यादी घेऊन तिथे गेलेल्या माणसाला नेमके हेच कळणार नाही. ७९४ मध्ये राजधानी झालेले हे शहर हजाराहून अधिक वर्षे सम्राटांचे निवासस्थान होते. सत्ता तिथे, संपत्ती तिथे, देवळे आणि मठ तिथे. समुद्र मात्र नाही. तिन्ही बाजूंना डोंगर. ज्या देशाचे सारे जेवण समुद्राभोवती फिरते, त्या देशाची राजधानी समुद्राला पारखी! या एका विसंगतीतून क्योटोचे अर्धेअधिक पाकशास्त्र निघालेले आहे. वाकासाच्या किनाऱ्यावर, ओबामा बंदरात, मासे उतरत. तिथून डोंगर ओलांडून सुमारे सत्तर किलोमीटरची पायपीट करून हमाल ते शहरात आणीत. या वाटेला पुढे ‘साबा-काइदो’, म्हणजे बांगड्यांची वाट, असे नाव पडले. बांगडा वाटेत नासू नये म्हणून त्याला मीठ लावलेले असे, आणि शहरात पोचेपर्यंत ते मीठ अंगी मुरून मासा नेमका चवीला येई. क्योटोच्या सणासुदीची बांगड्याची सुशी ही अशी एका वाटेच्या लांबीतून घडलेली आहे. होक्काइदोहून येणारा वाळवलेला हेरिंग आणि कोम्बू नावाचे समुद्रशैवाल यांची कथाही याहून फार वेगळी नाही.

किंवा हामो घ्या. कोकणात ज्याला आपण वाम म्हणतो, त्याचा हा सख्खा भाऊबंद. फार चिवट मासा. कडक उन्हाळ्यातही क्योटोपर्यंत जिवंत पोचे, म्हणून तिथल्या ताटात त्याला मान मिळाला. पण त्याच्या अंगात बारीक काट्यांचे असे जाळे, की तो खाणे जवळजवळ अशक्य. तेव्हा क्योटोच्या आचाऱ्यांनी काटे काढण्याचा नादच सोडला आणि ते कापण्याची विद्या काढली. तीन सेंटिमीटर लांबीच्या मांसावर चोवीसेक काप द्यायचे आणि खालच्या कातडीला सुरी लागू द्यायची नाही. उकळत्या पाण्यात तो तुकडा पडला, की पांढऱ्या फुलासारखा उमलतो. जुलैतल्या गिऑन उत्सवाला लोक लाडाने ‘हामोचा उत्सव’ म्हणतात, ते उगीच नाही. ज्याला हवे ते मिळत नाही, त्याने मिळालेल्याचे काय करावे, याचा हा धडा आहे. तक्त्यात त्याच्यापुढे साडेचार तारे होते.

‘काइसेकी’ या शब्दाची गोष्ट तर विलक्षणच म्हणावी लागेल. क्योटोच्या नामांकित घरांतले रात्रीचे काइसेकी भोजन आज माणशी तीस हजार येनच्या पुढे सहज जाते. चहाविधीच्या संदर्भात हा शब्द ज्या चित्रलिपीत लिहितात, तिचा अक्षरशः अर्थ मात्र ‘उराशी धरलेला दगड’ असा होतो. भुकेची जाणीव बोथट व्हावी म्हणून झेन भिक्षू तापवलेला दगड वस्त्रात गुंडाळून पोटाशी धरीत, अशी कथा सांगतात. व्युत्पत्तीच्या अभ्यासकांनी इथे भुवई उंचावावी. याच उच्चाराचा, पण ‘मेळाव्याचे आसन’ अशा अर्थाने लिहिला जाणारा दुसरा शब्दही आहे, आणि दगडाचा लेखनभेद मागाहूनचा आहे. पण मागाहूनचा असला, तर तो अधिकच बोलका ठरतो. कुणीतरी जाणूनबुजून मेजवानीच्या शब्दात भूक लिहून ठेवली. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या चहापरंपरेत हे जेवण म्हणजे भात, एक सूप आणि दोनतीन पदार्थ, इतकेच. दाट चहा रिकाम्या पोटी लागू नये, एवढाच त्याचा हेतू. तेवीस उपाहारगृहांच्या बेतात भुकेला जागाच कुठे राहते? दोन जेवणांमध्ये चार तासांचे अंतर आणि त्यातही ‘वाटेत चाखण्याजोगे’ सात पदार्थ!

आम्ही प्रथम एप्रिलमध्ये, साकुराच्या बहरात जाणार होतो. तो बेत मी बदलायला लावला. जूनमध्ये तिथे पावसाळा असतो, दमट असते, असे सगळे सांगतात. आषाढाच्या तोंडावर जन्म काढलेल्या माणसाला पावसाची भीती कोणी घालावी? शिवाय ३० जून ही तारीख मला हवी होती. त्या दिवशी क्योटोत ‘मिनाझुकी’ नावाची मिठाई खातात. तांदळाच्या पिठाची शुभ्र, त्रिकोणी वडी, वर गोड शिजवलेले तांबडे अझुकीचे दाणे. तिचा त्रिकोण म्हणजे बर्फाचा तुकडा. पूर्वी हिवाळ्यात साठवलेला बर्फ ऐन उन्हाळ्यात दरबारात जाई. सामान्यांना तो मिळणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी बर्फाच्या आकाराची मिठाई खाल्ली. काव्यशास्त्र शिकवताना रूपकाची व्याख्या फळ्यावर लिहून आयुष्य गेले. उपमेय खाता येते, असे उदाहरण मात्र मी कधी दिले नाही.

शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठीत रुजला, आणि हायकूत ऋतूचा शब्द लागतो हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. जपानी भाषेत अशा शब्दांचे ऋतुवार कोशच आहेत. हामो हा त्यातला उन्हाळ्याचा शब्द. क्योटोच्या जेवणाची पत्रिका अशा कोशाजवळ ठेवून वाचावी लागते. मग ‘उत्तम जागा कोणती’ हा प्रश्न मागे पडतो, आणि ‘कोणता आठवडा’ हा पुढे येतो. आपल्याकडे चातुर्मासापूर्वी कांदेनवमी करणाऱ्या घरांना हे मुद्दाम समजावून सांगावे लागू नये.

आता थोडे पाहुण्याच्या वागणुकीविषयी. जुनिचिरो तानिझाकी यांचा अंधार-सावल्यांवरचा प्रसिद्ध निबंध १९३३ सालचा. त्यात क्योटोतल्या ‘वारांजिया’ नावाच्या भोजनगृहाचा एक प्रसंग आहे. तिथे मेणबत्तीच्या उजेडात जेवण वाढीत. बऱ्याच दिवसांनी तानिझाकी गेले, तर विजेचे दिवे लागलेले. चौकशी केल्यावर कळले, की मेणबत्तीचा उजेड फार मंद पडतो अशी काही गिऱ्हाइकांची तक्रार होती. तानिझाकींनी मेणबत्ती मागवून घेतली आणि त्या उजेडात लाखेच्या भांड्यांचे खरे रूप त्यांना उमगले. अध्यापक मंडळी हा निबंध सौंदर्यशास्त्रासाठी वाचतात. मला त्यातली ती तक्रार करणारी गिऱ्हाइके अधिक महत्त्वाची वाटतात. तीही बिचारी चांगले जेवायलाच आली होती. पाहुणा ज्यासाठी येतो तेच त्याच्या येण्याने बदलते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. निशिकी बाजाराच्या जेमतेम चारशे मीटरच्या बोळात चालता चालता खाऊ नका, असे पाहुण्यांना विनवावे लागते. २०२४ मध्ये गिऑनमधल्या काही खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद करण्यात आल्या. या गोष्टी तक्त्यात नव्हत्या.

क्योटोतली काही जुनी घरे ओळखीशिवाय नव्या गिऱ्हाइकाला घेत नाहीत, ही तर प्रवाशांची ठरलेली तक्रार. त्यामागे उधारीचा व्यवहार होता, आणि ओळख देणारा माणूस जामीनच ठरे. मी या प्रथेचे समर्थन करायला निघालो होतो. पण लिहिता लिहिता थबकलो. कोणाला उंबरा ओलांडू द्यायचा हे ‘आपल्या माणसांनी’ ठरवायचे, ही रीत आपण आपल्या देशात पुरेशी भोगलेली आहे. तेव्हा समर्थन नाही, एवढेच म्हणतो की बंद दाराबद्दल रुसू नये. बंद दार त्या शहराच्या भाषेचा भाग आहे. ‘बुबुझुके घेता का?’, म्हणजे थोडा चहाभात खाता का, असे क्योटोच्या यजमानाने विचारले की पाहुण्याने उठायचे असते, अशी आख्यायिका आहे. तिच्यावर विनोदी कथनेही रंगली आहेत. ज्यांचे बालपण पुण्यात गेले, त्यांना या वाक्याचे भाष्य लागणार नाही.

खरा पेच मात्र घरातच होता. माझी पत्नी मासे खात नाही. क्योटोच्या जेवणात मासा दिसत नाही तिथेही असतो. ‘दाशी’ हा तिथल्या पाककलेचा आधार. कोम्बू आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरावून-वाळवून लाकडासारखा कठीण केलेला मासा, यांच्यापासून केलेले ते निवळ पाणी. भाजी त्यात शिजते, सूप त्याचेच. साधा उकडलेला तोफू कोम्बूच्या पाण्यात येतो, पण सोबतच्या द्रवात बहुधा मासा असतोच. एका अनुभवी गृहस्थांनी सल्ला दिला, ‘वहिनींना सांगूच नका. पाणीच तर आहे!’ मी हा सल्ला तिच्या कानावर घातला. ती एवढेच म्हणाली, ‘मला न सांगता काही वाढू नका.’

या वाक्यावर मी बराच विचार केला. जो अर्थ शब्दांत दिसत नाही तोच बहुधा संहितेला तोलून धरतो, हे आपण वर्गात शिकवतो आणि जेवताना ‘पाणीच तर आहे’ म्हणतो. विचारल्याने यजमानाचा अपमान होतो, असा दुसरा युक्तिवाद आहे. आयत्या वेळी, ताट समोर आल्यावर विचारले तर होईलही. पण त्याच शहरात मठांचे ‘शोजिन’ जेवणही आहे. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूण नाही, दाशी कोम्बू नि वाळवलेल्या आळिंब्यांची, आणि सोयाबीनच्या दुधावरची साय, जिला ते ‘युबा’ म्हणतात. आधी कळवून तिथे जाणे यात कोणाचाच अपमान नाही. ती तडजोड आहे असेही मी मानत नाही. काइसेकीतला जो दगड, तो इथूनच आलेला आहे.

क्योटोच्या दक्षिणेला, फुकाकुसा येथे असताना दोगेन या भिक्षूने १२३७ मध्ये मठातल्या मुख्य आचाऱ्यासाठी सूचना लिहून ठेवल्या. तरुणपणी तो चीनला गेला, त्या वेळची एक आठवण त्यात आहे. बंदरात त्याच्या जहाजावर एक वृद्ध आचारी जपानी आळिंबी विकत घ्यायला आला, मैलोगणती चालत. दोगेनने त्याला मुक्कामाचा आग्रह केला : स्वयंपाक काय, दुसरे कोणीही करील, आपण ध्यान आणि ग्रंथ सोडून हे कशाला करता? म्हातारा हसला. तुला साधना कळली नाही, आणि अक्षरे म्हणजे काय हेही कळले नाही, अशा अर्थाचे काही बोलून आपली आळिंबी घेऊन तो निघाला, कारण दुसऱ्या दिवशी मठात सर्वांसाठी शेवयांचे सूप करायचे होते.

आमचा तक्ता आता असा आहे. पाच दिवस, दिवसाला एकच ठरवलेले जेवण. एका दुपारी तेन्र्यूजी मठाच्या आवारात शोजिन. एक संध्याकाळ हामोची, माझी एकट्याची. त्या वेळी पत्नी कामो नदीच्या काठी फिरणार आहे. ३० जूनच्या रकान्यात एकच शब्द आहे, मिनाझुकी. उरलेल्या जागा कोऱ्या आहेत. मठाला पाठवायची चिठ्ठी जपानीतून लिहून घ्यायची आहे, तिचा मराठी मसुदा पत्नीने केला आहे. त्यात ‘कृपया’ दोनदा आले आहे. एक काढावे असे मी सुचवले, तिने ठेवले.